न लावलेलं लग्न

४ मार्च
पुतण्याने दावा ठोकला! त्याचा काका जाऊन वर्षही झालं नाही, आणि याला दुकान हवंय, वरची खोली हवीय. जिथे आम्ही दोघांनी मिळून गावभरची शिलाई मशीनं उघडली, जोडली, ते टेबलसुद्धा. "तुमचं लग्न झालंच नव्हतं, काकू." काकू म्हणतोस आणि लग्न नव्हतं म्हणतोस — एक काय ते ठरव बाबा!

७ मार्च
वकीलबाईंना खरं सांगितलं — लग्न केलं नाही. तरी त्या खूश! "तुम्ही काहीच सिद्ध करायचं नाही. इतकी वर्षं नवरा-बायकोसारखे एकत्र राहिलात, की कायदा लग्न गृहीत धरतो. झालं नव्हतं, हे पुतण्याने सिद्ध करायचं. पुराव्याचा भार त्याच्यावर. तुम्ही साक्षीला उभ्याच राहू नका."

म्हणजे कोर्ट परस्पर आमचं लग्न लावून मोकळं. ना वराला विचारलं ना वधूला!

८ मार्च
दिवसभर चिडचिड. दोन सुया मोडल्या.

तो अधूनमधून विचारायचा, "करून टाकू या का गं?" मी म्हणायचे, "नको रे." पाणी प्यायलाही बाबांचा चेहरा बघणारी आई मी पाहिली होती. मला त्याच्या शेजारी बसायचं होतं, त्याच्या नावावर चढायचं नव्हतं. त्याला पटलं. लोकांनी तोंडात शेण घातलं, तरी आम्ही हललो नाही. आणि आता छपरासाठी म्हणू, बायको होते? जमणार नाही!

१५ मार्च
सांगून टाकलं — साक्ष देणार, खरं बोलणार. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुमच्या एका वाक्याने सगळं गृहीतक कोसळेल. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय!"

"पाय माझा, धोंडाही माझा," म्हटलं.

राहायचं कुठे, ते माहीत नाही. भीती वाटते. पण तरीही नाही!

२ एप्रिल
उद्या पुतण्याची हुकमी साक्षीदार — त्याची आत्या. म्हणजे माझ्या माणसाची थोरली बहीण. आमच्या उंबऱ्याला तिने कधी पाऊल लावलं नाही. मी रस्त्यात दिसले की पलीकडच्या फुटपाथवर. मला 'ठेवलेली' पहिल्यांदा म्हणाली तीच. बोलू दे. लग्न नव्हतं म्हणेल, परवा मीही तेच म्हणणार. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत!

३ एप्रिल
"यांचं लग्न झालं होतं का?" पुतण्याच्या वकिलाने विचारलं. थोरलीने माझ्याकडे पाहिलं. "झालं की. माझ्यासमोर झालं. ही माझी भावजय."

पुतण्या पांढराफटक! बाहेर बाकावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "शेवटी शेवटी तू त्याचं सगळं केलंस. मला कळत होतं." एवढंच.

उद्या मी खरं बोलले, तर शपथेवर खोटं बोलली म्हणून ही म्हातारी अडकणार.