डाव्या दांड्यावरचा ओरखडा

मंगळवार, सायंकाळ. शनिवार पेठ

घडले तसे क्रमाने लिहिते. चार वाजता माझी जुनी सहायक मृणाल आली. खडकीत तिने स्वतःचा फिजिओथेरपीचा दवाखाना काढला आहे. रुग्णांनी धरून चालायचा सराव करण्याचे दोन समांतर दांडे, म्हणजे माझे वापरलेले पॅरलल बार, तिला हवे होते. विक्रीपत्रात मी प्रत्येक दोष नोंदवला, डाव्या दांड्यावरचा ओरखडाही. तिने न वाचताच सही केली.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. आणि अहो, केळकर काका आता माझ्याकडे येतात. परवा काही न धरता दहा पावलं चालले."

तो ओरखडा केळकरांच्याच अंगठीचा. माझ्याकडे उपचाराला येत होते तेव्हा वर्षभर त्यांनी तो डावा दांडा सोडला नाही. मी त्यांचा आधार लवकर काढायला हवा होता? की... नाही. मत्सर वाटतो, एवढेच खरे.

उद्या विक्रीपत्राची प्रत पाठवताना तिला विचारणार: दांड्यांवाचून केळकर चालले, तर माझे दांडे कशासाठी हवेत? उत्तर लेखी द्यावे.