लघवीची गोळी

माय, तुझी आठवण निघाली ती एका एसटीच्या कंडक्टर बाईमुळं. गंगापूरच्या गाडीवर असते ती. मागच्या महिन्यात माझ्या औषधांच्या दुकानात आली, चिठ्ठी पुढं सरकवली आणि म्हणाली, "ताई, बाकीचं द्या, ही पहिली गोळी नको. ती घरी पडून हाय." पहिली म्हणजे तुझीच, लघवीची. डॉक्टर तिला काहीही म्हणोत, आपल्या घरात तिचं नाव तेच होतं. पूर्वीची मी असते तर तिला तिथंच झापलं असतं. आता मी शहाणी झालेय. मी एवढंच विचारलं, "सकाळी किती वाजता निघता? आणि दिवसभर जाता कुठं?" बाईनं मागं कुणी उभं नाही ना ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "कुठं जाणार ताई? गाडी भरलेली, ड्रायव्हर बाप्यामाणूस. त्याला रोज रोज कसं सांगू, थांबव म्हणून?" गोळी तर सोडाच, ती ड्युटीवर पाणीसुद्धा पीत नव्हती.

मी तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. ड्युटी दुपारी दोनला संपते, घरी पोचल्यावर गोळी घेतली तर चालेल का? ते म्हणाले, चालेल, पण रोज त्याच वेळेला, आणि फार उशीर नको, नाहीतर झोपेतून उठावं लागेल. पाणी तोडायचं नाही. पंधरा दिवसांनी बीपी दाखवायचं. पाच मिनिटांत काम झालं. आज ती परत आली होती, बीपी उतरलंय म्हणून पेढा घेऊन. माझ्या कामात मी पक्की आहे माय, हे तुलाही मानावं लागेल.

तुझा मात्र कायदाच वेगळा. औरंगपुऱ्याच्या मंडईत सकाळी सातला मेथी-शेपू मांडून बसायचीस ते दिवे लागेपर्यंत. गोळी घेतली की दोन तासांत तीनदा जावं लागायचं, आणि बायांना जायला तिथं जागा नव्हती. म्हणून मंडई चालू असली की गोळी बंद, आणि मंडई बंद असली की गोळी चालू. त्यातही तुझा चोखपणा असा, की सुट्टीच्या दिवशी मागची भरपाई म्हणून दोन-दोन घ्यायचीस. एकदा तर तीन घेतल्यास. त्या दिवशी भाकरी थापता थापता उठलीस, भोवळ आली, आणि परातीसकट खाली बसलीस. मी तुझ्या केसांतलं पीठ झटकतेय आणि ओरडतेय, "गोळ्या काय कामावरचे खाडे हायेत का, भरून काढायला?" तू डोळे मिटूनच म्हणतेस, "मग काय टाकून देऊ? इतकी चांगली गोळी."

तेव्हा मी फार्मसी शिकत होते आणि दुपारनंतर याच दुकानात काउंटरवर उभी राहत होते. सगळं तोंडपाठ होतं. ही गोळी अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटं काढते, नसांवरचा ताण हलका होतो, ती रोज घ्यायची, मनानं कमी-जास्त करायची नाही. हे सगळं मी तुला पोपटासारखं ऐकवायची. तू ऐकून घ्यायचीस आणि माझं मन राखायला ताटातली लोणच्याची फोड बाजूला सारायचीस. मी उठले की खायचीस, ते मला माहीत होतं.

मग एका सकाळी मंडईत तुझ्या हातातून शेपूची जुडी गळाली. शेजारची लिंबंवाली हाक मारतेय, आणि तुझं तोंड वाकडं झालेलं. चार दिवस दवाखान्यात होतीस. तू गेल्यावर घर आवरताना पिठाच्या डब्यामागं गोळ्यांच्या अख्ख्या पट्ट्या निघाल्या. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगत आले, माय लई हट्टी होती, गोळ्याच घ्यायची नाय. लोक मान डोलवायचे. मलाही ते बरं वाटायचं.

आता दुकान मी चालवते. मागच्या संडासाची किल्ली काउंटरशेजारी खिळ्याला लटकलेली असते. मंडईतल्या बाया येतात, न विचारता किल्ली घेतात, परत आणून अडकवतात. शेजारचा भांडेवाला चिडवतो, "ताई, ये दुकान है या धर्मशाळा?" मी म्हणते, "दोन्ही. तुमच्या घरच्या बाया आल्या तर त्यांनाही पाठवा." लोक मला मोठ्या मनाची समजतात. समजू देत.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि आज त्याचाच मला धीर आहे. माय, तू एकदा दुपारची दुकानाच्या पायरीशी आली होतीस. लुगड्याला चिखल, पायांवर सूज. दोन-चार गिऱ्हाइकं उभी होती, आत मालक बसलेले. मला अवघडायला नको म्हणून तू मला नावानंसुद्धा हाक मारली नाहीस. परक्या बाईसारखं विचारलंस, "मागं काही सोय हाय का इथं?" मला लाज वाटली. तुझी वाटली. मी म्हणाले, "नाय काकू, तसलं काही नाय इथं." तू "बरं" म्हणालीस आणि वळलीस. घरी आल्यावर तू त्यातलं अवाक्षर काढलं नाहीस. मी जेवताना दरडावून विचारलं, "आजची गोळी घेतली का?" तू म्हणालीस, "घेतली की."

किल्ली तेव्हाही त्याच खिळ्याला होती. आज कंडक्टर बाई गेल्यावर मी खाली उतरले आणि तू उभी होतीस तिथं उभी राहिले. पायरीवरून किल्ली सरळ दिसते.