रिपोर्ट आधी की नंतर

५ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोज राजोडी बीचवर पाच किलोमीटर. चौकशी संपली की कॅप्टन फर्डिनंड, म्हणजे मी, पुन्हा विमानात; फिट हवा. धुक्यात विमान रनवेबाहेर गेलं, चाक मोडलं, एवढंच. सगळे सुखरूप. (एका बाईंचा हात सोडून.) नियम मला पाठ आहे. दृश्यता साडेपाचशे मीटरपेक्षा कमी असल्याचा टॉवरचा रिपोर्ट आला, तर हजार फुटांखाली उतरायचंच नाही. हजाराखाली गेल्यावर कळलं, तर पुढे जाऊन बघता येतं. मला नंतर कळलं. विषय संपला.

६ जानेवारी
धुकं. वॉक रद्द. नियम म्हणजे नियम.

९ जानेवारी
होळी गावात, आल्बर्टच्या वाडीत. त्याची सॅन्ड्रा त्या दिवशी माझी को-पायलट. अर्धी वाडी विकून पायलट केलं पोरीला. तिच्या मते रिपोर्ट आधी आला, तेराशे फुटांवर. घाबरलेल्या माणसाला आधीचं-नंतरचं आठवत नाही, हे मी समजावलं. सीनियरचं कर्तव्य. ती मेथीच्या जुड्या बांधत बसली. आल्बर्ट म्हणाला, सर सांगतील तसंच ती लिहील. निघताना केळ्यांचा घड दिला.

१२ जानेवारी
वॉक सोमवारपासून. फ्लॉसी म्हणते, एवढी खात्री आहे तर झोपेत ‘नंतर, नंतर’ का बडबडता? बायकोला एव्हिएशन कळत नाही.

१५ जानेवारी
सॅन्ड्राने चौकशीला लिहून दिलं: नंतर. गुणी पोरगी. तिच्या प्रमोशनसाठी शब्द टाकणार.

१९ जानेवारी
चौकशीत कॉकपिटचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ते खराब झालंय असं कोणीतरी म्हणालं होतं. झालेलं नाही.
सॅन्ड्रा: “तेराशे फूट. साडेतीनशे मीटर सांगतायत, सर. वर जाऊया.”
मी: “दिसेल गं.”
माझं लायसन्स जाणार. खोटं लिहिल्याबद्दल तिचंही. कोणी लिहायला लावलं, असं साहेबांनी तिला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं. ती म्हणाली, मीच लिहिलं.

२० जानेवारी
धुकं नव्हतं. होळीपर्यंत चालत गेलो. आल्बर्टला सांगितलं, रिपोर्ट आधीच आला होता, आणि तिला खोटं लिहायला मीच लावलं.
तो म्हणाला, “हे काल सांगायला पायजे होतं, सर.”
जुड्या बांधून होईपर्यंत उभा होतो. कोणी बसा म्हणालं नाही.