टप ताणायला दोन माणसं

५ फेब्रुवारी

प्रिय धाकोबा,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर मी ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ यापलीकडे जात नाही हे तुला ठाऊकच आहे, आणि आपलं घर एवढंसं, की पुढच्या खोलीत शिंकलं तर आतून ‘औषध घ्या’ म्हणून आवाज येतो. म्हणून पत्र.

मुद्द्याचं सांगतो. गाडीचा कापडी टप गेला. घडी पडते तिथे कापड झिरझिरीत झालंच होतं, चिकटपट्ट्या लावून मी दिवस ढकलत होतो. मागची प्लॅस्टिकची काच पिवळी पडून अशी आंधळी झाली होती, की मागून ट्रक येतोय की सायकल हे भोंग्यावरून ओळखावं लागायचं. परवा मोकळा रस्ता मिळाला म्हणून जरा पाय दाबला, तर डावीकडची शिवण टर्रकन उसवली आणि अख्खा टप डोक्यावर फडफडायला लागला. लोक हसले. त्याचं मला काही नाही. घरात माणसं तीन आणि गाडी घेतली दोघांची, तीही शर्यतीत पळणाऱ्या जातीची, तेव्हापासून लोक हसतातच आहेत. तू मधल्या फटीत पाय आखडून बसायचास आणि गिअर बदलायचा असला की मी तुझ्या गुडघ्यावर टपली मारायचो.

गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “साहेब, असला टप आता शिवतो कोण? पत्र्याचं छप्पर ठोकून टाका वरून.” त्यावर मी काय बोललो ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. घरी येऊन तणतणत होतो, तर तुझी वहिनी म्हणाली, “आणा इकडे. मी शिवते.” दप्तरं शिवायचं तिचं जाडं मशीन अजून धडधाकट आहे.

मग आम्ही जुना टप उसवला. तुकडे पुढच्या खोलीत पसरून, नव्या कॅनव्हासवर ठेवून खडूने आखले. चालायला जागा नाही, मी भिंतीला धरून स्वयंपाकघरात जातो. “सवतीसाठी पोलकं शिवणारी मीच पहिली,” असं म्हणत ती शिवते. दोऱ्याला मेण लावून घेते, म्हणजे सुईच्या भोकांतून पाणी झिरपत नाही. थोडं शिवते, थोडी आडवी होते. घाई कुणाला आहे? मशीनचं पायडल मात्र हल्ली मी मारतो. ती कापड सरकवते, मी पाय चालवतो आणि बोलणी खातो.

तर शिवून होईल. पण चढवायचा कसा? टप ताणायला दोन माणसं लागतात, हे तुला मी काय सांगू. एकाने पुढच्या काचेच्या चौकटीशी ओढून धरायचा, दुसऱ्याने मागे पक्का करायचा. याआधीचा टप आपण दोघांनीच चढवला होता. तेव्हा एखाद्या रविवारी येऊन जा. एकटा ये, नाहीतर बायकोला घेऊन ये, तुझ्या सोयीने. फक्त लांबवू नकोस. सध्या ऊन चांगलं आहे आणि उन्हात कापड नरम पडतं.

वहिनी बरी आहे. काही विशेष नाही, असं लिहायला सांगितलंय.

तुझा,
दादा


२४ फेब्रुवारी

प्रिय धाकोबा,

आशीर्वाद. पत्र मिळालं, पार्सलही मिळालं. घर बदलायच्या धांदलीत सापडला असूनही तू एवढा वेळ काढलास. एका माणसाने टप कसा ताणावा याचं इतकं नीट वर्णन, वर आकृत्या, वर चिमटे आणि बकलाचे पट्टे. आधी मधला भाग पकडायचा, मग एकेका बाजूला सरकत जायचं, पट्टा स्टिअरिंगला अडकवायचा. एकदम बरोबर आहे. वाचून मी हसलो, आणि पार्सल तसंच कपाटावर ठेवून दिलं.

वहिनीने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. “किती समजावून लिहितो हो,” म्हणाली. “शाळेत असताना एक वाक्य धड सांगायचा नाही.” थोड्या वेळाने म्हणाली, “चला. तो म्हणतोय तसं करून टाकू. पुढचं टोक मी धरते.”

मी नको नको म्हणत होतो, पण ती अंगणात येऊन उभी राहिली. कापड उन्हात तापवलेलं होतं, कडेला चिकटवायचं सोल्युशन लावून झालं होतं. मी मागून ओढला आणि तिच्या हातातून टोक सुटलं. ओलं सोल्युशन कापडाला लागून कड आतल्या आत दुमडून चिकटली. “सुटलं हो,” एवढंच म्हणाली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मी तिला धरून आत नेलं. कड सोडवायला मला अख्खी दुपार लागली.

तिच्या हातात जोर उरलेला नाही. का उरलेला नाही ते तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. ती मी मोडतो आहे. तिच्या पोटात गाठ होती, आता ती यकृतापर्यंत पोचली आहे. डॉक्टरीणबाईंनी उपचार थांबवले. घरी न्या, हवं ते करून खायला घाला, म्हणाल्या. काय करून घालू? ती चहाच्या कपातलं पाणी चमच्याने पिते.

शपथ का, तेही सांगतो. तुझ्या लग्नाला ती आली नाही. आई गेल्यावर जिने तुझे डबे भरले, तुझ्या तापात उशाशी बसून राहिली, ती नेमकी त्या दिवशी दार लावून बसली. तुझी बायको तिला नको होती असं नाही रे. तू सगळं ठरवून मग तिला सांगितलंस, ते तिला लागलं. पुढे तू बोलला नाहीस, ती बोलली नाही, आणि तुमच्या दोघांच्या मध्ये निरोप्या म्हणून मी. दुखणं कळलं तेव्हा मी म्हटलं, त्याला बोलावतो. तर म्हणाली, “आजारी आहे म्हणून कळवलंत तर तो येईलच. कुणीही येईल. येऊन पायाशी बसेल, आणि त्याचा राग गेलाय की नाही ते मला कधीच कळायचं नाही. त्याला यावंसं वाटलं तर येऊ दे.” आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

म्हणून मी टपाची शक्कल लढवली. आजाराचं नाव नाही, शपथ शाबूत, आणि तू दारात. माझ्या हुशारीवर मी खूश होतो. तर तू चिमटे पाठवलेस! दोष तुझा नाही. जे एकट्याने होईल त्यासाठी दुसऱ्याला हाक मारायची नाही, हे तुला शिकवलं कुणी?

आता ऐक. लगेच ये. पण टपासाठीच ये. दारातून ‘दादा, टप चढला का?’ असं विचारतच आत शीर. तिला बघून तुला धक्का बसेल, तो दाखवू नकोस. मी तुला लिहिलंय हे तिला कळता कामा नये. आपण दोघांनीसुद्धा त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तिचं शरीर गेलंय, कान गेलेले नाहीत. तू उत्तम नाटक कर, मी माझ्यापरीने करतो. पाठवायला उशीर होऊ नये म्हणून आत्ताच जाऊन पेटीत टाकतो.

वाट बघतोय.

दादा


२७ मार्च

धाकोबा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तरी आशीर्वाद.

आज पोस्टमनने माझंच पत्र मला परत आणून दिलं. ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा आहे. चोवीस फेब्रुवारीचं. तुझा नवा पत्ता पार्सलवर ठळक अक्षरात होता, आणि मी सवयीने जुन्या घराचा घालून बसलो. पाकीट कुणी उघडलेलं नाही. सोबत ठेवलं आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? म्हणजे तुला कळलं असेल, की तू आलास त्या रविवारी मी तुझ्याकडे काय नजरेने बघत होतो.

तू दारात आलास आणि म्हणालास, “चिमटे पाठवले खरे, पण मन राहीना. टप चढला का?” मी मनात म्हटलं, वा, पोरगा तयारीचा आहे. आत येऊन वहिनीला पाहिलंस आणि ओरडलास, “वहिनी, केवढी वाळलीस गं!” मला वाटलं, अति करतोय. तिच्या पाठीमागून मी डोळे वटारले. तू गप्प झालास. मग गाडीपाशी आलास आणि विचारलंस, “दादा, वहिनीला काय झालंय?” खिडकी उघडी होती. मला वाटलं, तिला ऐकू जावं म्हणूनच मुद्दाम विचारतोयस. मी म्हटलं, “काही नाही, पित्त आहे. तू नीट धर.”

आणि तू नीट धरलास. मी आजवर तुझ्याशी खोटं बोललो नव्हतो, मग तू कशाला संशय घेशील?

तिला आपण खुर्चीत बसवून दारात आणलं. “अरे मधून! आधी मधलं धरा, मग कडा!” आपल्या दोघांना हाकत होती. किती दिवसांनी तिचा आवाज तसा लागला होता. टप बसला, सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. शेवटचं टिचबटण राहिलं तेव्हा तू तिला गाडीपर्यंत उचलून नेलंस. तिच्या अंगठ्यात जोर नाही म्हटल्यावर तिच्या अंगठ्यावर तुझा ठेवलास आणि बटण दाबलंस. मी मान फिरवली. मला तेही नाटकच वाटत होतं आणि ते सहन होत नव्हतं.

“बायकोला का नाही आणलंस?” तिने विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तू म्हणालास, “पुढच्या खेपेला आणतो. महिनाभर टप उघडायचा नाही, कापड बसू दे. मग मी येतो, वहिनीला पुढे बसवू आणि मी आपला गिअरवर.” ती हसली. “आण तिला. म्हणावं, मी बोलावलंय.” संध्याकाळच्या बसला तू निघालास. फाटकापाशी मी तुझा हात घट्ट दाबला, उपकार मानल्यासारखा. तू म्हणालास, “एवढं काय दादा? रविवार तर होता.”

रात्र राहा म्हणून तुला कुणी आग्रह केला नाही. मी तर नाहीच. मला वाटत होतं, तुला सगळं माहीत आहे आणि बघवत नाही म्हणून तू निघालास.

तू गेल्यावर ती आडवी झाली आणि म्हणाली, “बघा, आला की नाही स्वतःहून?” मी हो म्हटलं आणि भिंतीकडे बघितलं. पुढचे सगळे दिवस तिचं तेच चाललं होतं. शेजारणीला सांगायची, इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाईला सांगायची. “टपाचं निमित्त हो. त्याला यायचंच होतं.” ती इतकी आनंदात असायची आणि मी चोरासारखा बसलेलो असायचो. मरणाऱ्या बाईला मी फसवतोय, याची मला इतकी लाज वाटत होती की तिच्या आनंदात एकदाही धड सामील झालो नाही. आणि तिचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. घरात चुकीचा होतो तो मी एकटाच.

मग ती गेल्याचा फोन, मग तुझं येणं. स्मशानात सगळं आटोपल्यावर बाहेरच्या बाकावर तू मला विचारलंस, “दादा, मला सांगितलं का नाहीस?” भोवती माणसं होती. मी पत्र लिहिलं होतं, शपथ मोडून लिहिलं होतं, आणि हा चारचौघांत मला हे विचारतो? माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “आता पुरे कर ते नाटक.”

तुझा चेहरा मला तेव्हा दिसला होता. कळला आज. तू तसाच उठून गेलास, घरी आलासुद्धा नाहीस. फोन उचलत नाहीस ते मी दुःखाच्या खात्यावर घालत होतो.

तेव्हा ऐक. तू बाकावर विचारलंस ते खरं होतं, हे मला माहीत नव्हतं. तू आला होतास ते टपासाठी आणि तिच्यासाठी, हेही माहीत नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं. ते तिला मिळालं, खरंखुरं, आणि ते घेऊन ती गेली. तिचा तुझ्यावर राग नव्हता. तुझ्या बायकोला बोलावलं होतं तेही मनापासून. हा निरोप तिला दे.

तुला मात्र तिच्याजवळ एक रात्र बसता आलं असतं. ती चालली आहे हे माहीत असताना तिला काय सांगायचं ते सांगता आलं असतं. तू मला विचारलंही होतंस. सरळ, तोंडावर. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं, आणि वर तुलाच बोललो. याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. म्हणून नुसती सही करतो.

दादा