एरिड-वन-ए आणि टँकरचं पाणी

३ मार्च २०१६
आजपासून रोज लिहिणार. माझं चरित्र लिहिणाऱ्याची सोय होईल. थिअरी पक्की: पेशीतली डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करणारं प्रोटीन, एरिड-वन-ए, वाढलं की कॅन्सर होतो. जुलैत दिल्लीला पेपर. सूट शिवायला टाकला. बायको, मीनाक्षी, म्हणाली, पोट फुगतंय, कुठंतरी दाखवू या. टँकरच्या पाण्यानं होतं तसं. उकळून पी म्हटलं.

१९ मार्च
माझी पीएचडीची विद्यार्थिनी श्रेया हिनं ट्यूमरच्या स्लाइड्स आणल्या. प्रोटीन असेल तिथं चढणारा तपकिरी रंग कुठंच नाही. या दुष्काळी खारट पाण्यात रंग चढणार कसा? ती म्हणे, सर, मी डिस्टिल्डच वापरते. पाण्याचं नाय काही, प्रोटीनच नाय तिथं. ते ब्रेक आहे म्हणे, गेलं की पेशी बेफाम सुटतात. खुलताबादची पोर मला शिकवणार! सगळं पुन्हा करायला लावलं.

२ एप्रिल
स्लाइड्स पुन्हा कोऱ्या. श्रेयाला दुसरा गाइड शोधायला सांगितलं. रडली. ऊन फार आहे, लोक हळवे होतात. गारखेड्यात फ्लॅटांचा आणखी एक टॉवर उभा राहिला, नळ मात्र आठवड्यातून एकदा. मीनाक्षीचा चेहरा उतरलाय, पोट तसंच. चालत जा रोज, म्हटलं.

११ मे
मीनाक्षी परस्पर हॉस्पिटलात जाऊन आली. सोबत श्रेया! ती आता तिथल्या पॅथॉलॉजीत काम करते. अंडाशयात मोठी गाठ. मला का नाही सांगितलं? म्हणे, सांगितलं होतं. घाबरू नकोस म्हटलं, घरात या विषयातला तज्ज्ञ आहे.

२८ मे
ऑपरेशन झालं. कॅन्सर पोटात सगळीकडे पसरलाय. मी सर्जनकडे गाठीचा तुकडा मागितला. घरचाच नमुना, यात प्रोटीन भरपूर सापडणार. मीनाक्षी शुद्धीवर होती, तिनं ऐकलं. तुकडा श्रेयाला द्या म्हणाली. गुंगीत असावी.

९ जून
श्रेयानं स्लाइड दाखवली. पाणी शुद्ध, रंग उत्तम चढलाय. आजूबाजूच्या निरोगी पेशी छान तपकिरी. गाठ कोरी. मी बराच वेळ मायक्रोस्कोपमधून डोळा काढला नाही. मागून व्हीलचेअरवरून मीनाक्षीनं विचारलं, हे प्रोटीन नसलं तर काय होतं? मी पुन्हा फोकस फिरवू लागलो. तुम्ही राहू द्या, म्हणाली. श्रेया, तू सांग.

श्रेया तिचा हात धरून बसली. मला दोघींनी पाणी आणायला बाहेर पाठवलं. बाटलीचं आणा, मीनाक्षी म्हणाली.