राजी असल्याचा कागद

२ ऑगस्ट १९५६
आजपासून रोज पहाटे कादंबरीची दोन पाने. नांदेडहून हैदराबादेत येऊन पंधरा वर्षे झाली, पण अंबरपेठेत पुण्याच्या स्पर्धेत पहिले बक्षीस घेतलेला कथाकार राहतो, हे या गावाला अजून ठाऊक नाही. शेजारी विचारतात, कोर्टात कारकून ना? नालायक.

३ ऑगस्ट
उठलो नाही. मालनने चहा उशिरा केला.

११ ऑगस्ट
परीक्षकांचे पत्र पुन्हा वाचले. 'मुनिमाच्या त्यागाने आम्ही गहिवरलो.' कथेत मुनीम आणि मालक यांचे भांडण मिटते. त्यात त्याग कुठला, कळत नाही. पण पुण्याच्या माणसांना खोलवरचे दिसते.

९ सप्टेंबर
हैदराबाद राज्य मोडणार. मुंबई राज्यात जायला तयार असणाऱ्या सरकारी नोकरांनी तिकडच्या ऑफिसला मराठीत अर्ज करायचा आहे. अखेर माझ्या लायकीची जागा.
समोरच्या टेबलावरच्या नागोरावने लिहिले, 'मला मुंबई राज्यात जायला कबूल आहे.' मी म्हटले, हा अर्ज आहे की निकाह? म्हणे, कबूल आहे तर कबूलच लिहिणार. अडाणी.
मी एकच ओळ लिहिली. 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' राजी असल्याचा कागद तो राजीनामा. उर्दू शाळेत शिकलो तरी माझी मराठी पुण्याची. शिवाय भांडण मिटल्यावर लिहून द्यायचे, तडजोडीचे हजारभर राजीनामे कोर्टात याच हाताने लिहिलेत.

१ ऑक्टोबर
बेगम बाजारातून दोन ट्रंका आणल्या. मालनने विचारले, हुकूम आला का? लेखकाच्या बायकोला असले प्रश्न शोभत नाहीत.
कादंबरी आता मुंबईतच सुरू करीन. इथल्या हवेत शब्द बिघडतात.

२७ ऑक्टोबर
नागोरावचा हुकूम आला. माझा नाही. मोठ्या माणसाचा कागद मोठ्या साहेबाकडे जातो, वेळ लागतोच.

३ नोव्हेंबर
पत्र आले. 'आपला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे.' ऑफिसभर दाखवले. नागोराव वाचून खालीच बसला. हळूच म्हणाला, "साहेब, तिकडं राजीनामा मंजी नौकरी सोडणं."
मी हसलो. मग लायब्ररीत जाऊन शब्दकोश पाहिला. नागोरावचे बरोबर आहे.

४ नोव्हेंबर
मालन सकाळपासून रडते आहे. ट्रंका रिकाम्या केल्या. तळाशी बक्षिसाची कथा होती. तिची शेवटची ओळ: 'मुनिमाने डोळे पुसले आणि मालकाला राजीनामा लिहून दिला.'
परीक्षक कशाने गहिवरले ते आज कळले. मालनला सांगायचे नाही.