फार्सर म्हणजे सारण

जुईनगर, २ ऑगस्ट २०२५

चि. क्षिप्रास, अ. उ. आ.

पुदुच्चेरीला तू फ्रेंच शिकतेस की नुसतीच फिरतेस, असं तुझ्या बाबांनी विचारलंय. म्हणजे मीच विचारतोय.

सोसायटीच्या गणपतीत यंदा ऐतिहासिक नाटक आहे. इतकी वर्षं विनोदी भूमिका मीच केल्या. यंदा सौरभने, आमच्या नव्या सेक्रेटरीने, मला फक्त दोन अंकांच्या मध्ये, सेट बदलेपर्यंत उभं केलंय. वर म्हणतो, काका, तुम्ही फार्सर, सांभाळून घ्याल. हा शब्द शिवी असेल तर कळव, नकार द्यायला बरं. मी काय भराव आहे? तुझी काकू म्हणते, घ्या मुकाट्याने.

उत्तर लवकर धाड, राग थंड होतोय.

तुझा,
दिनानाथकाका

पुदुच्चेरी, ९ ऑगस्ट

ती. काकांस, सा. न. वि. वि.

शिवी नाही. फार्सर म्हणजे फार्स करणारा, हसवणारा नट. आणि फ्रेंचमध्ये फार्स म्हणजे मुळात सारण. तिकडे पूर्वी देवाधर्माची लांबलचक नाटकं चालत. लोक कंटाळू नयेत म्हणून मध्ये विनोदी प्रवेश भरत, त्यांना हे नाव पडलं. तेव्हा भराव म्हणालात ते बरोबरच. पण करंजी कोणी पारीसाठी खातं का?

रुसवा पुरे. काकूला नमस्कार, तुम्हाला दटावणी.

तुमची,
क्षिप्रा

जुईनगर, ३ सप्टेंबर

चि. क्षिप्रास, अनेक आशीर्वाद.

काका लिहायला लाजतायत, म्हणून मी लिहितेय. तुझं पत्र त्यांनी वॉचमनलासुद्धा वाचून दाखवलं.

तुला एक ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी ते स्टेजवर वाक्यं विसरले होते. म्हणून सौरभने मला विचारूनच काम लहान केलं. त्यांना आम्ही हे सांगितलं नाही.

यंदा पहिल्या वाक्याला हशा आला आणि ते थांबले. पुढचं काही येईना. नजर माझ्याकडे. मला राहवलं नाही. समोरच्या रांगेतून उठून विचारलं, "अहो, निघताना गॅस बंद केलात का?"

त्यांनी कमरेवर हात ठेवले. मग म्हणाले, "तू विचारशील म्हणून चालूच ठेवलाय."

मग आम्ही भांडलो गं, घरी भांडतो तसंच. सेट कधीच लागला होता. महाराज विंगेत ताटकळले. लोकांना वाटलं, सगळं बसवलेलं आहे.

विसरल्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. जिना चढताना मात्र, लोकांदेखत, त्यांनी माझा हात धरला. वरच्या मजल्यापर्यंत सोडला नाही.

दिवाळीला ये, तुझ्यावर माया आहेच.

तुझी,
नंदिनीकाकू